मुंजा, वेताळ आणि अकरावीतली मुलगी

दिवाळीच्या सुट्टीत वलगावला आमच्या ओसरीवर माझी अकरावीतली भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी मोबाइल तांब्याला टेकवून सिनेमा पाहत बसल्या होत्या. ‘ट्वायलाइट’, हिंदीत डब केलेला. नायिका झोपेतून दचकून उठते आणि खोलीच्या कोपऱ्यात तो उभा दिसतो, तो प्रसंग चालू होता. एक म्हणाली, “हा रातभर इथंच उभा होता काय वं?” दुसरी म्हणाली, “मंग? जीव हाय त्याचा तिच्यावर.” तिसरीने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, “जीव हाय का पाळत हाय?”

चहाचे कप हातात घेऊन मी तिथेच थबकले. अलौकिक प्रेमपटांवर स्त्रीवादी समीक्षकांमध्ये गेली पंधराहून अधिक वर्षं जो वाद चालला आहे, त्याचा गाभा या पोरींनी तीन वाक्यांत मांडला होता. अलौकिक प्रेमपट म्हणजे ज्यात पिशाच, वेताळ, भूत किंवा शापित जीव एखाद्या कोवळ्या वयाच्या माणसाच्या प्रेमात पडतो तो सिनेमा. या वादात कोण काय म्हणतं आणि तो आज कुठवर आला आहे, ते इथे क्रमाने पाहू. सुरुवात मात्र अमेरिकेपासून करायचं कारण नाही. आपल्या वऱ्हाडापासून करता येते.

कुंडिनपूरची मुलगी

अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धा नदीकाठी कौंडिण्यपूर आहे. विदर्भाच्या राजांचं कुंडिनपूर ते हेच, असं आपण मानतो. रुक्मिणी इथली, म्हणून हे गाव सगळ्यांना माहीत. पण दमयंतीही इथलीच, आणि आपल्या विषयाशी तिचा संबंध जास्त जवळचा आहे. महाभारताच्या वनपर्वात तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम येतात आणि चौघेही नळाचं रूप घेऊन बसतात. पाच नळ समोर आणि हातात एक माळ. दमयंती त्यांना खुणांवरून ओळखते. देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, गळ्यातल्या माळा कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याला घाम आला आहे, ज्याच्या अंगावर धूळ आहे आणि ज्याची सावली पडते, त्याच्या गळ्यात ती माळ घालते. अमर सोडून मर्त्य निवडणारी ही मुलगी. पुढे तोच नळ तिचं अर्धं वस्त्र कापून घेऊन तिला रानात झोपलेली टाकून जातो, हेही कथा लपवत नाही.

लोकांच्या भूतकल्पनेत मात्र बाईला एवढी मोकळीक नाही. आर. ई. एन्थोवेनच्या १९२४च्या मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींवरील ग्रंथात भुतांची जी नावं येतात, ती आपण आजीकडून ऐकलेलीच आहेत. सवाष्ण गेली तर जाखीण, विधवा गेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ किंवा अळवंतीण. बाई मेल्यावरही तिची ओळख नवऱ्यावरून आणि बाळंतपणावरून ठरते. पुरुषांत लग्नाशी बांधलेलं ठळक भूत म्हणजे मुंजा. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, म्हणून पिंपळावर बसला आणि लग्नाची इच्छा तशीच राहिली. मराठी मातीतलं हे किशोरवयीन प्रेमी भूत. त्याच्याकडे पुढे यायचंच आहे.

या सगळ्याकडे बाईच्या नजरेतून पाहणारं पहिलं मराठी पुस्तकही वऱ्हाडातून आलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. निमित्त होतं १८८१चा सुरतेचा खटला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली होती आणि वर्तमानपत्रं सगळ्या बायकांनाच दोष देत सुटली होती. ताराबाईंनी पुरुषांच्या वागण्याबरोबर त्या काळच्या गोष्टी-नाटकांत बाई कशी रंगवली जाते, त्याचाही समाचार घेतला. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा तो काळ. नवरा हा देव असेल तर त्याने देवासारखं वागूनही दाखवावं, असा त्यांचा मुद्दा होता. प्रियकर अतिमानवी आहे म्हणून त्याला सगळं माफ, असं सांगणाऱ्या आजच्या कुठल्याही सिनेमाला हाच प्रश्न विचारता येतो. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मृतीत गेलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणलं. त्याच वर्षी लॉरा मल्व्ही यांचा सिनेमातल्या पुरुषी नजरेवरचा निबंध इंग्रजीत आला आणि स्त्रीवादी चित्रपटसमीक्षेला तिची पहिली मोठी संकल्पना मिळाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, तरी हे साल माझ्या लक्षात राहिलं आहे.

पहिली बाजू: ही पाळतच आहे

स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ कादंबरी २००५ची. कॅथरीन हार्डविक यांनी तिच्यावर केलेला सिनेमा २००८ला आला आणि २०१२पर्यंत एकूण पाच भाग झाले. सतरा वर्षांची बेला, सतराव्या वर्षीच थांबलेला पण १९०१ साली जन्मलेला एडवर्ड आणि लांडग्याचं रूप घेणारा जेकब. खटकलेल्या समीक्षकांचं म्हणणं सविस्तर आहे आणि त्यातलं बहुतेक पडद्यावर, पुस्तकात दाखवता येण्याजोगं आहे. तो तिच्या नकळत तिच्या खोलीत येतो. ती जेकबकडे जाऊ नये म्हणून तिच्या गाडीत बिघाड करून ठेवतो. दुसऱ्या भागात तो सोडून जातो, तर तिचे महिनेच्या महिने कोरे जातात आणि त्याचा भास व्हावा म्हणून ती कड्यावरून समुद्रात उडी घेते. अठराव्या वर्षी लग्न होतं. लग्नाच्या रात्रीनंतर अंगावर काळेनिळे वळ उमटतात आणि ती त्यालाच समजावते की तुझी चूक नाही. गर्भ तिचं शरीर आतून मोडत जातो. शेवटी तिचं माणूसपण संपतं आणि त्यालाच सुखान्त म्हटलं जातं.

या बाजूचा सगळ्यात नेमका मुद्दा अलौकिकाच्या कामाविषयी आहे. एखाद्या साध्या पोराने हे सगळं केलं असतं तर आईबापांनी पोलिसांत तक्रार दिली असती. पिशाच असल्याने त्याच्या ताब्यात ठेवण्याला संयमाचं नाव मिळतं. मी तुला मारू शकतो, पण मारत नाही, हे प्रेमाचं प्रमाणपत्र ठरतं. मोठी झालेली बाई हे वाक्य ओळखते. कोवळ्या मुलीला ते ओळखायला कोण शिकवतं, हा या समीक्षकांचा काळजीचा प्रश्न आहे आणि मला तो मनापासून पटतो.

याच बाजूचे लोक तुलनेला ‘बफी द व्हँपायर स्लेयर’ ही १९९७ ते २००३ची मालिका घेतात. तिथली शाळकरी मुलगी पिशाचांना स्वतः मारते. म्हणजे पिशाच आणि प्रेम एका कथेत आले की मुलगी दुबळीच दाखवावी लागते, असं काही नाही.

दुसरी बाजू: तिची इच्छा कुणी पाहिली?

दुसऱ्या बाजूचं पहिलं उत्तर असं की सगळे निर्णय बेलाच घेते. एडवर्ड नको म्हणत असताना पिशाच होण्याचा हट्ट तिचा. तोच गर्भ काढून टाक म्हणत असताना तो ठेवण्याचा निश्चयही तिचा. यावरून दोन अगदी उलटे अर्थ निघाले. काहींना ही गर्भपाताविरुद्धची शिकवण वाटली, तर काहींना बाईच्या शरीरावर बाईचाच अधिकार असल्याची मांडणी. प्रसंग तेच आणि दोन्ही वाचनं प्रामाणिक आहेत.

मेयर यांनी स्वतः २०१५ साली वेगळंच उत्तर दिलं. पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या वर्षी त्यांनी ‘लाइफ अँड डेथ’ काढलं. गोष्ट जवळपास तीच, पण माणूस मुलगा आणि पिशाच मुलगी. त्यांचं म्हणणं असं की बेला संकटात सापडते ती मुलगी म्हणून नव्हे, अतिमानवी जिवांत एकटीच माणूस आहे म्हणून. टीकाकारांना हे पुरेसं वाटलं नाही. मुलगा दुबळा दाखवला की वाचकाला नवल वाटतं, मुलगी दुबळी दाखवली की काहीच वाटत नाही. म्हणून पात्रांची अदलाबदल केल्याने हिशेब समान होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

या बाजूचं दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे आणि ते प्रेक्षकांविषयी आहे. मल्व्ही यांच्या मांडणीत कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यांनी बाईकडे पाहतो. इथे कॅमेरा मुलीच्या डोळ्यांनी मुलाकडे पाहतो आणि रेंगाळतो. थिएटरात ओरडणाऱ्या मुलींची जी टवाळी झाली, ती मुलींच्या आवडीची टवाळी होती, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. पोरं हाणामारीच्या सिनेमात शिट्ट्या मारतात, तेव्हा समाज बिघडल्याची चर्चा होत नाही. व्यवसायातही हाच भेद दिसला. पहिल्या भागाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे ७ कोटी डॉलर मिळवले. बाईने दिग्दर्शित केलेल्या सिनेमासाठी तोवरचा तो विक्रम होता. तरी पुढचे चारही भाग पुरुषांकडे गेले.

या विचाराचं मूळ जॅनिस रॅडवे यांच्या १९८४च्या अभ्यासात आहे. प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकी गृहिणींशी त्या सविस्तर बोलल्या. पुस्तकात काय आहे यापेक्षा वाचायला बसणं हीच त्या बायकांसाठी मोठी गोष्ट होती, कारण तेवढा वेळ घरातल्या कुणालाही त्यांच्याकडे काही मागता येत नव्हतं. वलगावहून अमरावतीला जाणाऱ्या एसटीत कानात इअरफोन घालून बसलेली मुलगी पाहिली की मला रॅडवे आठवतात. त्या अर्ध्या तासात तिला कुणी पाणी आण म्हणत नाही.

आपल्याकडच्या कथा

आपल्याकडे या प्रकाराची जुनी खूण म्हणजे ‘महल’ (१९४९) आणि ‘मधुमती’ (१९५८), पण तिथली माणसं मोठी आहेत आणि अलौकिकाला पुनर्जन्माचा आधार आहे. नागिणींचे सिनेमे सूडाचे. मराठीत ‘एक डाव भुताचा’पासून (१९८२) ‘पछाडलेला’पर्यंत (२००४) भूत म्हटलं की विनोद, आणि त्यात पोरींना फारसं काम नसे.

नीट वाचण्यासारखी जोडी आहे ‘दुविधा’ (१९७३) आणि ‘पहेली’ (२००५) यांची. विजयदान देथा यांच्या एकाच राजस्थानी कथेवरचे हे दोन सिनेमे, पहिला मणि कौल यांचा, दुसरा अमोल पालेकर यांचा. नवरा व्यापाराला निघून जातो, त्याचं रूप घेऊन भूत घरी येतं. ते भूत तिला खरं काय ते सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं. नवऱ्याने तिला काही विचारलेलं नसतं, भूत विचारतं. इथे सुटतं ते ‘ट्वायलाइट’मध्ये अडकलेलं कोडं. ताकद असलेल्याने पुढे व्हायच्या आधी विचारलं का, हे तपासलं की प्रियकर माणूस आहे की पिशाच हा प्रश्न मागे पडतो. ‘दुविधा’त भूत पकडलं जातं आणि बाईच्या वाट्याला तोच नवरा येतो. संध्या गोखले यांची पटकथा असलेल्या ‘पहेली’त भूत नवऱ्याच्याच देहात शिरतं आणि दोघांचं साधतं. दुसरा शेवट सुखाचा आहे, पण तिची इच्छा पुरी होण्यासाठी नवऱ्याचा देह लागतोच. मला पहिला शेवट जास्त खरा वाटतो.

अलीकडची लाट मॅडॉक फिल्म्सच्या सिनेमांची. ‘स्त्री’ (२०१८) मध्ये रात्री पुरुषांना उचलून नेणारी बाई आहे. गावातले पुरुष अंधार पडायच्या आत घरी येतात, एकटे बाहेर पडत नाहीत, लुगडी नेसतात. बायकांचं रोजचं जगणं पुरुषांच्या अंगावर घातलं की ते किती अवघड आहे हे दिसतं, म्हणून पुष्कळांना हा सिनेमा स्त्रीवादी वाटला. आक्षेप घेणाऱ्यांनी दाखवून दिलं की या भागात नायिकेला नावसुद्धा नाही आणि सगळी गंमत तीन मित्रांच्या वाट्याला येते. ‘रूही’त (२०२१) लग्नासाठी पळवली जाणारी मुलगी शेवटी कुणाही पुरुषाऐवजी स्वतःतल्या दुसऱ्या रूपाचा हात धरते. कल्पना धीट, सिनेमा विस्कळीत. ‘थामा’त (२०२५) वेताळकुळातली आहे ती मुलगी आणि माणूस आहे तो मुलगा. मेयर यांनी पुस्तकात केलेली अदलाबदल इथे पडद्यावर आली.

यांत आपल्या सर्वांत जवळचा ‘मुंज्या’ (२०२४). दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, भूमी कोकणाची, भूत आपल्या पिंपळावरचं. १९५२ साली एक मुलगा वयाने मोठ्या मुन्नीसाठी वेडा होतो आणि ती मिळावी म्हणून सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो. त्यातच मरतो आणि मुंजा होतो. पुढे त्याला लग्न हवंच असतं, मुन्नीशी नाही तर तिच्या नातीशी. ‘ट्वायलाइट’ने जे प्रेम म्हणून रंगवलं तो हट्ट इथे उघडपणे भुताचा आहे, सिनेमा त्याला भिववणारा आणि पोरकट दाखवतो. हे श्रेय द्यायला हवं. तरीही मुन्नीला काय वाटलं ते आपल्याला जवळजवळ कळत नाही आणि नात सुटते ती तिच्यावर जीव असलेल्या दुसऱ्या मुलाच्या धडपडीतून. बहिणीचा बळी ही खूण मात्र मला फार मोलाची वाटते. एका पोरीचा ध्यास धरायचा आणि घरातल्या दुसऱ्या पोरीच्या जिवावर उठायचं, हे मुंजाच्या कथेने नेमकं पकडलं आहे.

‘बुलबुल’ (२०२०) आणि मराठीतला ‘लपाछपी’ (२०१७) हे प्रेमपट नव्हेत, म्हणून त्यांवर इथे रेंगाळत नाही. पण बालवधूची चेटकीण होणं आणि उसाच्या फडात गर्भातल्या मुलींचा हिशेब मागितला जाणं, यांमुळे हडळ ही दोषी नव्हे तर पीडित आहे हे वाचन रुळलं. ‘बुलबुल’ची गोष्ट १८८१ साली सुरू होते. सुरतेचा खटला त्याच वर्षीचा.

काळ्या चिमणीची राख

वादाची तिसरी बाजू सांगते की मुलगा-मुलगी एवढंच पाहून भागणार नाही. अमेरिकेत ‘ट्वायलाइट’मधल्या क्विल्यूट या खऱ्या आदिवासी जमातीच्या चित्रणावर आक्षेप आले. लांडगा, तापट, उघडा तो त्यांच्यातला आणि गोरा, श्रीमंत, सभ्य तो पिशाच. कृष्णवर्णीय अमेरिकी लेखिका बेल हुक्स यांनी १९९२मध्येच विचारलं होतं की सिनेमाकडे पाहणारी बाई म्हणजे कुठली बाई? आपल्याकडे समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याचा जो मुद्दा मांडला, तो याच अंगाचा.

हा मुद्दा तपासायला नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’इतकं (२०१४) चांगलं उदाहरण नाही. तो भुताचा सिनेमा नव्हे, पण त्याच्या मध्यभागी एक जादू आहे. काळी चिमणी मारून तिची राख मुलीच्या अंगावर टाकली की ती वश होते, असं कैकाडी समाजातल्या जब्याला सांगितलं जातं आणि तो सगळं रान त्या चिमणीमागे तुडवतो. निव्वळ लिंगभावाच्या चष्म्यातून पाहिलं तर हे वशीकरण आहे. त्याला आवडणाऱ्या शालूला न विचारता तिचं मन आपल्याकडे वळवायचं. मुंजा करतो त्याहून ते वेगळं नाही. पण जात लक्षात घेतली की चित्र बदलतं. ज्याला त्या मुलीशी बोलण्याचीही सोय गावाने ठेवलेली नाही, त्याच्याकडे राखेशिवाय दुसरं काय आहे? एडवर्डची जादू बलवानाची आहे, जब्याची जादू निर्बलाची. दोन्हींना एकाच तराजूत घालणारी समीक्षा मला अपुरी वाटते. तितकीच अपुरी ती समीक्षाही, जी जब्याचं दुःख पाहताना शालू ही मुलगी आहे आणि सिनेमाभर ती जवळपास गप्प आहे, हे विसरते.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न परिणामाचा. असे सिनेमे पाहून मुली पाळतीला प्रेम समजू लागतात का? मुली भोळ्या नसतात, ओसरीवरच्या तिसरीने ते दाखवलंच. पण दुसरीही तिथेच बसली होती.

दुसरा प्रश्न मुलांचा. या सगळ्या चर्चेत मुलगी काय शिकते हे विचारलं जातं. मागे लागलं की प्रेम मिळतं हे पोरं कुठून शिकतात, यावर भर कमी आहे. ‘मुंज्या’ने ही वाट उघडली आहे, समीक्षेने तिच्यावरून अजून पुरेसं चालून पाहिलेलं नाही.

तिसरा प्रश्न इथल्या श्रद्धांचा. वलगावला पेढी नदीकाठी १९५६च्या २० डिसेंबरला गाडगेबाबांनी देह ठेवला. देवऋषी, नवस, बळी यांवर जन्मभर कीर्तनातून घाव घालणारा हा माणूस. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. विवेकवादी म्हणतात, भुतांच्या कथा गोड केल्या की भगतांचं फावतं आणि त्यात बळी जातो तो बायकांचा. काही स्त्रीवादी अभ्यासक म्हणतात, जिला घरात तोंड उघडता येत नाही तिला अंगात आल्यावर बोलता येतं, म्हणून या कथा नुसत्या अंधश्रद्धा म्हणून टाकू नयेत. दोघांचाही अनुभव खरा आहे. या दोन बाजू एकमेकींशी फार कमी बोलल्या आहेत.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी त्या तिघींना ‘फँड्री’ लावून दिला. शेवटी डुकरामागे धावणाऱ्या जब्याच्या घरच्यांना सगळं गाव हसतं, शाळेतली पोरं हसतात, त्यांत शालूही असते. दुसरी रडत होती. तिसरीने पदर ओढावा तसा मोबाइल आपल्याकडे ओढला, सिनेमा मागे घेतला आणि शालूचा चेहरा आला तिथे थांबवला. बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाली, “मावशी, हिले काय वाटत असन वं?”